रेईश मागूश: तोफा, कोठड्या आणि चित्रे

पणजीच्या किनाऱ्यावर उभे राहून मांडवीपलीकडे पाहिले, की नदीच्या उत्तर काठावर एक पांढरे चर्च दिसते आणि त्याच्या डोक्यावर टेकडीला धरून बसलेला एक लहानसा किल्ला. हा रेईश मागूश. बार्देशात येणारे पर्यटक त्याला वळसा घालून आग्वादला जातात. मीही पहिल्यांदा गेलो तो १७३९चा शोध घेत. त्या वर्षी वसईची मोहीम चालू असताना मराठी फौजा गोव्यातही उतरल्या होत्या. वाडीकर भोसल्यांनी जवळजवळ सगळे बार्देश घेतले, पण आग्वाद आणि रेईश मागूश हे दोन किल्ले पोर्तुगिजांच्या हातात राहिले. एवढासा किल्ला का पडला नाही, हे मला जागेवर जाऊन पाहायचे होते.

तटावर गेल्यावर उत्तर सापडायला वेळ लागत नाही. येथे मांडवीचे पात्र अरुंद होते. समुद्रातून राजधानीकडे निघालेले प्रत्येक गलबत या तोफांच्या माऱ्यातून जाणार. शिवाय मागे नदी मोकळी असल्याने रसद तोडणे अवघड. आदिलशाहीच्या काळातच या टेकडीवर चौकी होती. पोर्तुगिजांनी १५५१ मध्ये येथे किल्ला बांधला, आणि चारच वर्षांनी पायथ्याशी फ्रान्सिस्कनांचे चर्च उभे राहिले. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे हे चर्च, म्हणून गावाला आणि किल्ल्याला तेच नाव. लिस्बनहून येणारे व्हाइसरॉय शहरात प्रवेश करण्याआधी येथे मुक्काम करीत. अठराव्या शतकाच्या आरंभी किल्ला वाढवण्यात आला. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांची फौज गोव्यात तळ देऊन होती, तेव्हा तिनेही हा किल्ला वापरला. ती १८१३ मध्ये परतली आणि किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरत गेले.

माझ्या वहीत येथपर्यंतच्या नोंदी पानेच्या पाने आहेत. पुढच्या काळाला मी दोन ओळी दिल्या होत्या: ‘१९००च्या सुमारास तुरुंग. १९९३ पर्यंत.’ आपण किल्ल्यांचे अभ्यासक बहुधा असेच करतो. वेढा, तह, किल्लेदार यांत रमतो. शेवटची तोफ थंड झाली, की आपली वहीही मिटते.

ती वही पुन्हा उघडायला लावली आमच्या शेजारच्या आप्पांनी. १९५५च्या सत्याग्रहात ते ऐन विशीत गोव्याच्या हद्दीत शिरले होते. पोर्तुगीज पोलिसांनी मारून त्यांना सीमेवर आणून सोडले. त्यांचे काही सोबती मात्र आत राहिले. किल्ल्यात आता कला केंद्र झाले आहे, असे मी सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, “गाणीबजावणी होतात म्हण की. आणि कोठड्या? त्या ठेवल्यात का?”

या प्रश्नासाठी मी दुसऱ्यांदा गेलो.

तुरुंग हलवल्यावर किल्ला ओस पडला. कोकणच्या पावसात ओस पडणे म्हणजे काय, हे जांभ्याचे घर असणाऱ्यांना सांगायला नको. आधी कौले सरकतात, मग वासे कुजतात, मग भिंतीच्या माथ्यातून पाणी आत उतरते. चुन्याचा गिलावा गेला, की जांभा झिजू लागतो आणि सांध्यांत पिंपळ रुजतो. साडेचार शतके उभ्या राहिलेल्या वास्तूला पंधरा पावसाळे जड गेले. यातून मला एक गोष्ट पटली, जी मान्य करायला जरा कठीण जाते: विसाव्या शतकात हा किल्ला तुरुंगानेच राखला. कैदी ठेवायचे तर छप्पर गळून चालत नाही. वास्तू टिकते ती वापराने. निव्वळ आदराने ती टिकत नाही.

म्हणून किल्ल्याला पुन्हा वापरात आणणे हाच जतनाचा खरा मार्ग होता. हेलन हॅमलिन ट्रस्ट, इंटॅक आणि गोवा सरकार यांनी मिळून २००८ च्या सुमारास काम हाती घेतले. वास्तुरचनाकार होते जेरार्ड द कुन्हा. हा किल्ला लेडी हॅमलिन यांच्या नजरेस आणून दिला तो व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी. २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला. मारिओ त्याच्या आधी काही महिने, ११ डिसेंबर २०११ रोजी, गेले होते. आज त्यांची चित्रे येथे कायमची मांडलेली आहेत. शिवाय प्रदर्शने आणि कार्यक्रम होतात.

आप्पांचा प्रश्न मनात धरून मी त्या खोल्यांतून फिरलो. जाड भिंती, लहान खिडक्या, आणि भिंतीवर मारिओंचा गोवा: बाजारातल्या कोळणी, लग्नाचा बँड, टॅव्हर्नमधले गप्पिष्ट, पाद्री, कुत्री. आधी मला ते खटकले. मग दुसऱ्या दालनात गेलो. तेथे गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या सैनिकांची माहिती मांडली आहे. याच किल्ल्यात त्यांच्यापैकी काहींना डांबले होते. तो भाग गाळलेला नाही, याचे मला समाधान वाटले. चित्रांतली माणसे आणि भिंतीआड गेलेली माणसे एकाच गोव्याची आहेत, हेही तेथेच उमगले. सालाझारच्या राजवटीत चारचौघांत मोकळेपणी बोलणेसुद्धा जोखमीचे होते. मारिओंच्या चित्रांत सगळेच मोठमोठ्याने बोलत असतात.

तरी माझी एक तक्रार उरतेच. राजकीय कैद्यांचे दालन आहे, ते हवेच. पण १९६१ नंतरही तीस-बत्तीस वर्षे येथे तुरुंग होता, आपल्या स्वतंत्र देशाचा. त्या साध्या कैद्यांना, त्यांच्यावर पहारा करणाऱ्या शिपायांना इतिहासात जागा द्यावी, असे कोणालाच फारसे वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. माझ्या त्या दोन ओळी याचा पुरावा आहेत. आपल्याकडे अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरूंची खोली आपण जपली, ती ग्रंथामुळे. ज्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत त्यांच्या खोल्या कोण जपणार? आग्वादचा तुरुंगही २०२१ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. पुढे अशा आणखी वास्तू बदलतील, बदलाव्यात. मात्र रंग देण्यापूर्वी भिंतींवर काय कोरले आहे, खरवडले आहे, त्याची एकदा नोंद व्हावी. त्याला पैसा फारसा लागत नाही. वही लागते आणि थोडा धीर.

परतल्यावर आप्पांना सांगितले, की खोल्या आहेत, आणि तुमच्या सोबत्यांसारख्यांसाठी एक दालनही आहे. त्यांनी विचारले, “तिथं पोरं येतात का?” मी म्हणालो, येतात, शाळेच्या सहलीही येतात. “मग असू देत गाणी,” ते म्हणाले.

वहीतल्या त्या दोन ओळींची आता नऊ पाने झाली आहेत.