कंदिलाची काच आणि खिडकीचे तावदान

मराठी कवितेतील खिडकी हा विषय एम. ए.च्या वर्गात निघाला की विद्यार्थी भराभर बोलू लागतात. खिडकीशी बसलेली विरहिणी, खिडकीतून दिसणारा पाऊस, बंद खिडकी, मध्यमवर्गीय खिडकी असे सगळे फळ्यावर लिहून होते. गेल्या वर्षी अशाच एका तासाला मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, खिडकी म्हटलं की मला दिवाळीच्या आधीचा रविवार आठवतो. सगळ्या काचा मलाच पुसाव्या लागतात." वर्ग हसला. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की खिडकीतून पाहणाऱ्यांचा इतिहास आपण शिकवतो आणि ज्या हातांमुळे ते पाहणे शक्य होते त्यांचा उल्लेखही आपल्या टिपणांत नसतो. प्रस्तुत लेख त्या रविवारापासून मागे जाण्याचा एक प्रयत्न आहे, आणि तो हिंगोलीपुरताच आहे.

आरंभ शब्दांपासून करणे आम्हा भाषेच्या माणसांना सोयीचे. खिडकीसाठी आपल्याकडे जे जुने शब्द आहेत त्यांत काचेचा मागमूस नाही. ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट, ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा, आणि प्राकृतातून आलेली ‘खिडकी’ तर मुळात बाजूचे लहान दार. मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारालाही मराठीत खिडकी म्हणत, ते यामुळेच. प्रकाशाचे नाव घेणारा शब्द एकच आणि तो फारसीतून आलेला: ‘तावदान’. ताब म्हणजे तेज. दान म्हणजे ठेवण्याची जागा, आपल्या पिकदाणीत आणि फुलदाणीत आहे तीच. उजेड साठवण्याची जागा असा अर्थ असलेला हा शब्द मराठीत येऊन खिडकीच्या काचेपुरता आकसला. आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. ‘स्वच्छ’ हा शब्द सु आणि अच्छ यांचा. संस्कृतात ‘अच्छ’ म्हणजे पारदर्शक, तळ दिसणाऱ्या पाण्यासारखा किंवा स्फटिकासारखा. म्हणजे ज्यातून आरपार दिसते ते स्वच्छ. अंगण, कपडे, भांडी यांना आपण हा शब्द पुढे लावला. काच पुसणाऱ्या बाईला त्याचा मूळ अर्थ कुणी न सांगता ठाऊक असतो.

जुन्या साहित्यात काच येते, पण तिच्यातून कुणी पाहत नाही. ती रत्नासारखी दिसणारी हलकी वस्तू म्हणून येते, किंवा बांगडी म्हणून. पाहण्याचे काम आरशाकडे. ज्ञानेश्वरीत आरशाचे दृष्टांत पुष्कळ आहेत. मात्र ते वाचताना मागे लेप दिलेली आजची काच डोळ्यांपुढे आणू नये. जुना आरसा धातूचा. तो काळवंडत असे आणि घासून उजळावा लागत असे. मन घासण्याची, मळ झाडण्याची जी भाषा आपल्या परमार्थविचारात रुजली, तिच्यामागे हा भांडी घासण्याचा, आरसा उजळण्याचा अनुभव आहे असे मला वाटते. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यातले, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. पण नरसीच्या तेव्हाच्या घरांना काचा नव्हत्या, एवढेच येथे प्रस्तुत.

नंतरही बराच काळ त्या नव्हत्या. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवद. जाड मातीच्या भिंती, रस्त्याकडे शक्यतो उघडायचे नाही आणि उजेड घ्यायचा तो चौकातून, नाहीतर छताला ठेवलेल्या ‘सान्या’तून. खिडकी असली तर तिला लोखंडी गज आणि दोन लाकडी फळ्या. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या मुलखात ही रचना शहाणपणाची होती. पुसायला तिथे काच नव्हतीच. फळ्यांवरची धूळ फडक्याने झटकली की झाले.

हिंगोलीत त्याच वेळी एक दुसरे जग होते. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिन्जन्टची येथे छावणी होती. या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीच १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्या फौजेचे एक ठाणे आपल्या गावात होते, हे पुष्कळदा ठाऊक नसते. १९०३ मध्ये कंटिन्जन्ट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. इंग्रजी बंगला ही वस्तू हिंदुस्थानभर साधारण एका साच्याची होती: व्हरांडा, झिलमिली, काचेची दारे, हंड्या आणि दिवे. त्या काचेसाठी माणसे नेमलेली असत. मशालजी हा मूळचा मशाल धरणारा. बंगल्यात तो दिवे आणि भांडी घासणारा झाला. फरास जाजमे अंथरी, दिवे लावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी हिंदुस्थानातील मडमांसाठी घर चालवण्याचे जे पुस्तक लिहिले, त्यात नोकरानोकरांची कामे वाटून दिलेली आहेत. त्या पुस्तकाचा हुकमी सूर आज खटकतो. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. बंगल्यात काच पुसण्याच्या कामाला पगार होता, म्हणून त्या कामाच्या माणसाला नावही होते. गावातल्या घरात पुढे तेच काम आले तेव्हा त्याला नाव मिळाले नाही.

गावातल्या घरात काच खिडकीवाटे शिरली नाही, ती कंदिलावाटे शिरली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूर्णा–हिंगोली हा मीटरगेज फाटा झाला. हिंगोलीचा कापूस बाहेर जाऊ लागला आणि रॉकेल आत येऊ लागले. (‘रॉकेल’ हे इंग्रजी रॉक ऑइलचे आणि ‘घासलेट’ हे गॅसलाइटचे मराठी रूप. शिवाय दिव्यावरच्या काचेचे ‘चिमणी’ हे नाव आपण ज्याला काचच नाही अशा पत्र्याच्या धुरकट दिव्याला दिले. भाषा अशी गमतीने वागते.) सुरुवातीचे कंदील परदेशी. स्वदेशीच्या चळवळीने त्यांना उत्तर शोधले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून, टिळकांच्या पाठिंब्याने, १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. त्यांनीच पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे कारखाना काढला, आणि खिडकीची सपाट काच या देशात तयार होऊ लागली ती तेथे. तोवर ती बेल्जियमहून येई. कराडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत (आपले औंढा नव्हे) १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, त्याच्यावरून गावाला ओगलेवाडी नाव पडले आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. स्वदेशी कंदिलाचा हा इतिहास आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. पण कंदील लागल्यावर तासाभरात त्याच्या काचेवर काजळी धरते. वात तिरपी कापली गेली असेल तर आणखी लवकर. उद्योगाचा इतिहास कंदील विकला जातो तेथे संपतो. घरातला इतिहास दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास सुरू होतो.

तो मी थोडासा पाहिलेला आहे. माझ्या लहानपणी वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता आणि आजीचा कंदील रोज तयार असे. काच पुसण्याचे काम माझ्या थोरल्या बहिणीकडे. चुलीतली राख वस्त्रगाळ करून ठेवलेली. ती कोरड्या फडक्यावर घेऊन आधी काजळी काढायची, मग धोतराच्या जुन्या तुकड्याने राख पुसायची, शेवटी वर्तमानपत्राचा बोळा आत फिरवायचा. पाणी लावायचे नाही, कारण ओल राहिलेली काच तापली की तडकते. आणि तडकलेल्या काचेचा हिशेब द्यावा लागे. कंदिलाच्या काचेचे तोंड जेमतेम अडीच-तीन इंचांचे असते. मोठ्या माणसाचा हात त्यात जात नाही. लहान हात जातो, तोही बांगड्या कोपराकडे सारून, नाहीतर काचेवर काच घासते. हे काम घरातल्या मुलींकडे का आले याचे एक कारण मला या मापात सापडते. मुलग्यांचेही हात तेवढेच लहान होते, हे बहिणीने अलीकडेच माझ्या लक्षात आणून दिले. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कंदिलाकडून खिडकीकडे ही विद्या तशीच्या तशी आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि सरकारी कचेऱ्या, शाळा, वसाहती यांच्या बांधकामांबरोबर काचेची तावदाने गावात दिसू लागली. घरांत ती आणखी उशिरा, सिमेंटच्या छतांबरोबर आली. सुरुवातीला पुष्कळांनी फुलाफुलांची खरबरीत काच बसवली. आतले बाहेर दिसू नये हे कारण लोक सांगत; पण तिच्यावर पुसल्याच्या रेघा दिसत नाहीत हे दुसरे कारण बायकांना माहीत होते. साधी काच आली तेव्हा रेघांचा प्रश्न आला.

रेघ म्हणजे पाण्यात विरघळलेले काहीतरी मागे राहणे. आमचा मुलूख काळ्या पाषाणाचा. विहिरींचे आणि त्याहून अधिक बोअरचे पाणी जड. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. पाणी उडून जाते, क्षार काचेवर पांढरे होऊन बसतात. त्यात साबण घातला तर फेस येण्याऐवजी चिकट साका धरतो आणि त्याचे पट्टे उमटतात. आजीला रसायनशास्त्र येत नव्हते. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या पाण्याने काच पुसू नये, एवढे ती सांगे. कसोटी अचूक होती. पागोळ्यांखाली धरलेले पावसाचे पाणी ती यासाठी पसंत करी. राख चाले कारण ती अल्कधर्मी, तेलकटपणा सोडवते आणि बारीक असल्यामुळे ओरखडा काढत नाही. आज लिंबू किंवा व्हिनेगर सांगतात, ते आम्ल क्षार विरघळवते म्हणून. बाकी रीत तीच आहे. आधी कोरडी धूळ झटकायची, नाहीतर पाण्याबरोबर तिचा चिखल होतो. ऊन काचेवर असताना हात लावायचा नाही, कारण पुसण्याआधीच पाणी वाळते. आतून उभे पुसावे आणि बाहेरून आडवे, म्हणजे राहिलेली रेघ कोणत्या बाजूची ते कळते. शेवटी कोरडा कागद.

या कागदाविषयी थोडे सांगायला हवे. निजामी राजवटीत मराठी छापील कागद घरात असणे हीच मोठी गोष्ट होती. १९३८ साली निघालेल्या ‘मराठवाडा’ पत्रावर त्या सरकारने बंदी घातली होती. असा कागद पुसायला कोण घेईल? वर्तमानपत्राचा बोळा ही चैन नंतरची, दैनिक घरोघर येऊ लागल्यावरची. तेव्हाही पायाला लागलेला कागद कपाळाला लावणारी आजी बोळा करण्याआधी पान उलगडून बघे आणि देवाचे चित्र असेल तर ते बाजूला ठेवी. तिला वाचता येत नव्हते. माझी बहीण मात्र बोळा करण्यापूर्वी पान वाचून काढी, आणि त्यामुळे काच पुसायला तिला वेळ लागे, अशी तक्रार असे. शाळेबाहेरचे तिचे पहिले वाचन ते.

१ मे १९९९ रोजी हिंगोली परभणीपासून वेगळी होऊन जिल्हा झाली. त्यानंतरच्या वसाहतींत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत, आणि त्यांची अडचण नवी: बाहेरची बाजू आतून पुसता येत नाही. दुसऱ्या मजल्यावरून गजांतून हात घालून जेवढे पोचेल तेवढे स्वच्छ होते, आणि प्रत्येक काचेवर त्या हाताच्या पोचेची एक कमान राहते. आमच्या गल्लीतल्या घराघरांवर ती दिवाळीनंतर स्पष्ट दिसते. कुठे उंच, कुठे ठेंगणी. त्या विद्यार्थिनीला मी नंतर विचारले, पाणी कोणते घेतेस? ती म्हणाली, पिण्याच्या जारचे, तांब्याभर, आईच्या नकळत. बोअरच्या पाण्याचे डाग पडतात ना, सर.