उपरण्याखालचा भाव : प्रस्तावना

खर्डा म्हटले की ११ मार्च १७९५ची मराठे-निजाम लढाई आठवते. तिच्यावर इंटरनेटवर भरपूर मजकूर आहे आणि तो वाचायला पैसे पडत नाहीत. मग लिहिणाऱ्याचा चहा, सर्व्हरचे भाडे, डोमेनचे वार्षिक शुल्क कोणाच्या खिशातून जाते? या पुस्तकाचा विषय एवढाच. त्यात शिरायला अर्थशास्त्राची पदवी नको. खर्ड्याच्या गुरांच्या बाजाराची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही आहे. तसल्या एखाद्या बाजारात घटकाभर उभे राहिलेला वाचक मला पुरे.

गुरांचे व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवतात. वेबवरच्या जाहिरातीचा सौदाही तसाच झाकलेला. तुम्ही पान उघडता, ते दिसेपर्यंतच्या क्षणात जाहिरातदारांची यंत्रे बोली लावून मोकळी होतात. पानाचा मालक कडेला उभा. आणि ज्याच्या नजरेचा सौदा होतो त्या वाचकाला कोणी विचारत नाही. (बैलालाही विचारत नाहीत म्हणा.)

सुरुवातीला असे नव्हते. १९९४ साली ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर जाहिरातीचे बॅनर झळकले तेव्हा जागा वर्तमानपत्रासारखी ठरल्या दराने विकली जाई. २००३मध्ये पानावर आपोआप जाहिराती लावणारे गूगलचे अ‍ॅडसेन्स आले आणि छोट्या संकेतस्थळांची जाहिरातदारामागची पायपीट संपली. हिंदी मजकुराला ते २०१४च्या अखेरीस खुले झाले. मराठीला आणखी थांबावे लागले. आजही खर्ड्याच्या लढाईवरच्या उत्तम लेखापेक्षा गृहकर्जावरचा सुमार लेख जास्त कमावतो, कारण बोली मजकुराच्या गुणावर नव्हे, वाचकाच्या संभाव्य खरेदीवर लागते. मला हे खटकते, आणि पुस्तकात ते लपवलेले नाही.

कमाईचे बाकीचे मार्ग ओळखीचेच आहेत. दुसऱ्याचा माल खपवून दलाली घ्यावी. अ‍ॅमेझॉनने ही सोय १९९६मध्येच काढली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मायबोली’ या मराठी संकेतस्थळाने पुढे मराठी पुस्तकांची विक्रीही केली. वर्गणी हा मासिकांचा जुना मार्ग. पण फुकटाची सवय लागलेल्या वाचकाकडून ती मिळवणे सर्वांत अवघड, म्हणून तिला दोन प्रकरणे दिली आहेत. मराठी विकिपीडियावर तर जाहिरातच नाही. त्याचा खर्च देणग्यांवर चालतो.

पहिले प्रकरण लिलावाचे. वाचताना वही-पेन्सिल जवळ असू द्या. हजार वाचकांमागे हाती काय पडते, तो हिशेब आपण दोघांनी मिळून मांडायचा आहे.