खारवलेल्या कैऱ्या आणि डायलिसिस



बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नातेवाइकांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. गेल्या दिवाळीपासून आमच्या ह्यांचं डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. ते आत, मी बाहेरच्या बाकावर. विणकाम मला कधी जमलं नाही, म्हणून वाचत बसते. परवा पुण्याच्या वन्संनी फोनवर विचारलं, "वहिनी, त्या मशीनमध्ये नक्की होतं तरी काय?" मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं, विज्ञान माझा प्रांत नव्हे. पण उत्तर स्वयंपाकघरातच सापडलं.

खारवलेल्या कैऱ्या आठवा. बरणीतून काढल्या की आपण त्या साध्या पाण्यात टाकून ठेवतो. कोणी पिळत नाही की दाबत नाही, तरी मीठ आपलं आपण बाहेर येतं. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे. पाणीही तितकंच खारट झालं की थांबतं, मग आपण पाणी बदलतो. डायलिसिस म्हणजे हेच. रक्त एकीकडे, पाणी दुसरीकडे, मध्ये एक बारीक छिद्रांचं पटल. युरियासारखे लहान कण त्यातून जातात, रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी म्हणून अडतात. आता वन्संनी लगेच शंका काढली की मग रक्तातलं हवं असलेलं मीठही जाईल की! तर त्याची युक्ती अशी, की त्या पाण्यात मीठ आधीच योग्य प्रमाणात घातलेलं असतं. दोन्हीकडे सारखं, मग जाणार कुठे? वीतभर लांबीच्या नळकांड्यात केसासारख्या हजारो पोकळ नळ्या असतात. आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट्या दिशेनं ते पाणी.

ही जाण फार जुनी. थॉमस ग्रॅहम नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं १८६१ साली प्रक्रिया केलेल्या कागदाच्या पडद्यातून असे पदार्थ वेगळे करून दाखवले आणि डायलिसिस हा शब्दही त्यानंच रूढ केला. (आपल्याकडे 'अपोहन' असा चांगला शब्द आहे. आमच्या वॉर्डात म्हणून बघा, कोणी ओळखणार नाही!) १९१३ मध्ये अमेरिकेत एबल यांनी कुत्र्यांचं रक्त कोलोडियनच्या नळ्यांमधून फिरवलं. रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेलं द्रव्य वापरलं. १९२४ मध्ये जर्मनीत हास यांनी माणसावर पहिला प्रयोग केला. पण माणूस वाचवणं अजून दूर होतं.

ते घडलं हॉलंडमधल्या काम्पेन गावी, आणि तेही जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात, ऐन महायुद्धात. विलेम कोल्फ हा तरुण डॉक्टर. सामान मिळायची मारामार. त्यानं सॉसेज भरायची सेलोफेनची नळी घेतली, ती लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि पिंप मिठाच्या पाण्यात फिरत ठेवलं. १९४३ पासून रुग्ण येत गेले आणि जवळजवळ सगळे दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये एक ६७ वर्षांची बाई शुद्धीवर आली आणि जगली. ही बाई कोण? नाझींची साथ दिली म्हणून कैदेत असलेली! गावातल्या कित्येकांना ती मेली असती तरी चाललं असतं. कोल्फनी तिला जगवलं, आणि युद्धानंतर आपली यंत्रं परदेशातल्या रुग्णालयांना फुकट देऊन टाकली. मुलांना शिकवताना मला हा माणूस माहीत नव्हता याची आता हळहळ वाटते.

पुढे १९६० मध्ये सिॲटलला स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवायची सोय काढली, म्हणून वारंवार डायलिसिस शक्य झालं. लगेच प्रश्न आला, यंत्रं थोडी, रुग्ण फार. तिथे धर्मगुरू, वकील, गृहिणी अशा सात जणांची समिती बसली, कोणाला जगू द्यायचं ते ठरवायला. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

कारण मला थोरले काका आठवले. पैठणला असत. १९७६ चं वर्ष, जायकवाडीचं धरण पुरं झालं ते. मी तेव्हा औरंगाबादला नुकती नोकरीला लागले होते. काकांचे पाय सुजले, लघवी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, रक्तात विष साठतंय, मुंबईला मशीन आहे. 'मशीन' म्हटल्याबरोबर आम्हाला कळलं, कारण पेपरात जयप्रकाशजींविषयी रोज येत होतं. आणीबाणीत चंदीगडला कैदेत असताना त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोकमध्ये आणलं. गंमत पहा, त्या इस्पितळाचं उद्घाटन १९७३ मध्ये इंदिराबाईंच्याच हस्ते झालं होतं. मशीनसाठी पंतप्रधान निधीतून ९० हजार रुपये आले, ते जेपींनी परत केले. लोकांच्या वर्गणीतून यंत्र झालं आणि त्यावर ते १९७९ पर्यंत जगले. त्या वर्षी मार्चमध्ये तर मोरारजींनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा करून टाकली होती, आणि जेपी जसलोकमध्ये जिवंत!

आमच्या घरी हिशोब मांडला. एक शेत विकलं तर मुंबईत किती दिवस निघतील? आणि नंतर? काका सगळं ऐकत होते. "पोरींची लग्नं व्हायचीत," एवढंच म्हणाले. अकराव्या दिवशी गेले. आमच्याकडे समिती बसली नव्हती. तसं पाहिलं तर बसलीच होती, ओसरीवर, आणि मीही तिच्यात होते.

आज ह्यांच्या शेजारच्या खाटेवर कन्नडजवळचा एक शेतकरी असतो. सरकारी योजनेत त्याचं डायलिसिस होतं. २०१६ मध्ये केंद्रानं जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची योजना जाहीर केली, राज्याचीही योजना आहे. एस.टी.चं भाडं आणि बुडालेली मजुरी त्यात येत नाही, ते त्याची बायको सांगते. पण तो येतो. काका आले असते.

आणखी एक गोष्ट तिथल्या तंत्रज्ञ मुलानं सांगितली. एका वेळी साधारण १२० लिटर पाणी रक्ताशेजारून वाहून जातं, तेही आर.ओ. केलेलं. त्या आर.ओ.मध्येही पटलच, फक्त तिथे दाब देऊन मीठ मागे अडवतात आणि पाणी पुढे ढकलतात. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते इथले वाचक जाणतातच. पाणचक्कीच्या गावाची ही कथा! असो.

ह्यांना मात्र दिवसाला मोजून लिटरभरच पाणी. काल सुया काढल्या, पट्टी दाबून धरली, वजन झालं. बाहेर आले ते पहिलंच वाक्य, "घरी टाकी भरली का?"