डॉक्टरांच्या सहीचे पैसे

धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाच्या मागे आमचं जुनं घर. त्या घरात डॉक्टर म्हणजे जवळजवळ घरातलंच माणूस. लहानपणी दवाखान्यातून लाल मिक्श्चरची बाटली मिळायची, तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असायची. हिशेब वडील महिनाअखेर करत. शाळेच्या रजेसाठी दाखला हवा असला, की डॉक्टर हसत दोन ओळी लिहून देत. त्याचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, आम्ही दिले नाहीत.

म्हणूनच थोरला भाऊ गेला त्या वर्षीची गोष्ट मनाला लागली. दादा घरीच गेला, पहाटे तीनच्या सुमारास. आमचे फॅमिली डॉक्टर स्कूटरवरून आले, तपासलं, आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला तिथंच बसून लिहिला. मी पाकीट काढलं तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. दोन महिन्यांनी विम्याच्या दाव्याचा फॉर्म घेऊन गेलो, तेव्हा मात्र कंपाउंडर म्हणाला, "फॉर्मचे तीनशे रुपये होतील." पैसे दिले; पण घरी येताना वाटलं, माणुसकी दोनच महिने टिकते की काय?

त्या रागातच मी या दाखल्यांचा इतिहास शोधू लागलो.

पहिला उलगडा लगेच झाला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच म्हटलं आहे, की अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरानं मृत्यूच्या कारणाचा दाखला कोणतंही शुल्क न घेता द्यावा. ही नोंद सरकारला हवी, साऱ्या समाजाला हवी, म्हणून ती फुकट. म्हणजे त्या रात्री डॉक्टरांनी पैसे नाकारले ते कायद्याला धरूनच होतं. पहाटे तीनला धावत येणं मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

मग बाकीच्या कागदांचं काय? डॉक्टरांच्या सहीला वजन आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मुंबई इलाख्यात १९१२ साली आणि आपल्या मध्य प्रांतात १९१६ साली डॉक्टरांच्या नोंदणीचे कायदे झाले. कायद्याला लागणारा दाखला नोंदणी झालेल्या डॉक्टराचाच, हे तेव्हापासून रुजलं. नागपुरात १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालं होतं. तिथून बाहेर पडलेले एलएमपी डॉक्टर पेठापेठांत दवाखाने थाटून बसले. औषध वैद्यबुवाही देत, हकीमही देत. पण कचेरीत चालणारी सही या डॉक्टरांची.

सहीला वजन आलं तशा मागणाऱ्या कचेऱ्याही वाढल्या. एम्प्रेस मिल १८७७ पासून चालत होती. गिरणी कामगाराला आजारपणाच्या रजेचा पगार मिळायचा तर दाखला हवा. १९४८ च्या कायद्यानं कामगार राज्य विमा योजना आली, १९५४ मध्ये ती नागपुरात पोचली. त्या योजनेत दाखल्याचा खर्च योजनेनंच उचलला. कामगाराच्या खिशाला हात लागला नाही. विलायतेतही तेच. तिथं १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा कोणते दाखले फुकट द्यायचे ते ठरवून दिलं. त्या यादीबाहेरच्या फॉर्मला तिथला डॉक्टरही पैसे मागतो.

आपल्या धरमपेठेतल्या डॉक्टराला अशी कुठलीच योजना पगार देत नाही. आपण देतो ती फी तपासणीची आणि औषधाची. फॉर्म मागते तिसरीच कचेरी: विमा कंपनी, परिवहन कार्यालय, नोकरी देणारा साहेब. काम त्यांचं, वेळ डॉक्टरांचा, आणि धावपळ आपली.

त्यातली जोखीमही डॉक्टरांचीच. खोटा दाखला देणं १८६० च्या भारतीय दंड संहितेत गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनी तर दाखल्यांची वेगळी नोंदवही ठेवायला सांगितलं. रुग्णाची ओळखखूण लिहायची, सही किंवा अंगठा घ्यायचा, दाखल्याची प्रत जपायची. लहानपणीच्या त्या दोन ओळी आता दोन ओळी राहिल्या नाहीत.

हे मला खरं कळलं ते आमच्याच फॉर्ममुळे. दादाच्या पॉलिसीला तीन वर्षंही झाली नव्हती. रक्तदाब कधीपासून होता, हा प्रश्न फॉर्मवर होता. वहिनी घाबरल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरांना सांगा ना, रक्तदाबाचं लिहू नका." मी ते सांगितलंही. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "असं लिहिता येत नाही हो. पण थांबा, बघू या." दवाखाना बंद झाल्यावर त्यांनी जुन्या वह्या काढल्या. तासाभरानं पान सापडलं. रक्तदाब पहिल्यांदा आढळला तो पॉलिसी घेतल्यानंतर चार महिन्यांनी. तारखेसह त्यांनी तेच लिहिलं. दावा मंजूर झाला. मी मागितलेलं खोटं त्यांनी लिहिलं असतं आणि पुढे औषधांच्या चिठ्ठ्या कंपनीच्या हाती लागल्या असत्या, तर वहिनींच्या हाती काही आलं नसतं.

ते तीनशे रुपये सहीचे नव्हते. जपून ठेवलेल्या वह्यांचे आणि त्या तासाचे होते.

तरी एक तक्रार उरतेच. डॉक्टरांनी आपली फी दवाखान्यात ठळक लावावी, असं २००२ चे तेच नियम सांगतात. त्या पाटीवर फॉर्मचाही दर असावा. म्हणजे दुःखात असलेल्या माणसाला तो कंपाउंडरच्या तोंडून ऐकावा लागणार नाही. आणि दाव्यासाठी दाखला कंपनीलाच हवा असेल, तर त्याचे पैसे विधवेनं का भरावेत? पॉलिसी विकताना तपासणीच्या डॉक्टराला कंपनी पैसे देतेच की. हा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, कंपन्यांना विचारायला हवा.

डॉक्टर आता थकलेत, दवाखाना मुलगी चालवते. मागच्या महिन्यात वाहन परवान्याचा फॉर्म घेऊन गेलो. पैसे आधीच काढून ठेवले होते. तिनं ते घेतले, पावती दिली आणि म्हणाली, "काका, आधी डोळे तपासू, मग सही."

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)