स्पिनिंगची सायकल मुळात रस्त्यासाठीच होती

आजचा भाग छोटा आहे आणि तो सुरू होतो आमच्या गोरेगावातून.

दोन वर्षांपूर्वी पहाटे आरेच्या रस्त्यावर एक टेम्पो मला अगदी चाटून गेला. घरी येऊन सांगितलं, तर आईने सायकलला कुलूपच लावलं. मग मी जिममध्ये स्पिनिंगचा क्लास लावला. निळे दिवे, कान फाटतील असं म्युझिक आणि पाऊण तासात टी-शर्ट पिळून निघेल इतका घाम. ऑफिसातला सायकलवाला मित्र म्हणाला, "ही काय खरी सायकल आहे का रे?" लागलं मनाला. म्हणून इतिहास शोधायला बसलो.

'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत १९८२ मध्ये चार जणांनिशी सुरू झाली. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर, साधारण ४,८०० किलोमीटर. तुम्ही झोपलात तरी घड्याळ चालूच. दक्षिण आफ्रिकेतून लॉस एंजेलिसला गेलेला जॉनी गोल्डबर्ग याच शर्यतीची तयारी करत होता. रात्रीच्या सरावात तो गाडीखाली येता येता वाचला. बायको गरोदर होती. मग त्याने घरीच एक जागेवरची सायकल तयार केली आणि तिच्यावर सराव सुरू केला. तीच पुढे स्पिनिंगची सायकल झाली. १९९५ मध्ये श्विन कंपनीने ती बाजारात आणली आणि क्लास जगभर पसरले. रस्ता मात्र मागे राहिला.

फरक कुठे पडतो, ते मला कसारा घाटात कळलं. क्लासमधल्या सायकलचं जड चाक पेडलला जोडलेलं असतं. तुम्ही दमलात तरी ते चाक पाय फिरवत राहतं. घाटात पाय थांबले की सायकल थांबते. शिवाय वारा, खड्डे, ब्रेक, तोल यांतलं खोलीत काहीच नसतं. चार महिन्यांच्या क्लासनंतरही मी अर्ध्या घाटात उतरून सायकल ढकलली. छाती तयार होती, बाकीचा मी नव्हतो.

आणि याच घाटापलीकडच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून तीच शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. चौघेही डॉक्टर, म्हणजे वेळेची चणचण आपल्यासारखीच.

गोल्डबर्गची गोष्ट मी आईला सांगितली. तोही घाबरला होता, पण खोलीत बसला तो पुन्हा रस्त्यावर जायला. आता मंगळवार-गुरुवार क्लास आणि रविवारी रस्ता. आईने किल्ली दिली, दोन अटींवर: हेल्मेट आणि मागे लाल दिवा.

भेटूया पुढच्या भागात.