दोन काचांमधून निघालेली शीट

लातूरच्या ट्यूशन एरियातले क्लासचे फलक काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत दुकानांवर उजळणारी उठावाची अक्षरं काय, ॲक्रिलिक शीटशिवाय पाटीचा धंदा आता चालत नाही. गिऱ्हाईक शीट मागताना रंग सांगतं आणि जाडी सांगतं, 3 एमएम की 5 एमएम. पण शीटची जात या दोहोंवरून ठरत नाही. ती ठरते घडणीवरून: कास्ट की एक्स्ट्रुडेड.

जर्मन रसायनज्ञ ओटो रोम यांनी ॲक्रिलिकवरचा प्रबंध ट्यूबिंगेनला 1901 मध्ये लिहिला. पुढे डार्मश्टाटच्या त्यांच्या कंपनीत, फुटली तरी न विखुरणारी काच करण्यासाठी दोन काचांमध्ये हे द्रव्य घट्ट करून पाहिलं, तर ते काचांना चिकटेना. पारदर्शक पत्रा होऊन सुटं निघालं! ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव 1933 मध्ये नोंदलं गेलं, आणि महायुद्धात तो पत्रा लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर चढला. कास्ट शीट आजही बरीचशी तशीच होते. मिथाइल मेथॅक्रिलेट हा पातळ द्रव आधी पाकासारखा दाट करतात, कडेला लवचीक पट्टी लावलेल्या दोन काचांमध्ये ओततात आणि सावकाश तापवतात. घाई केली तर चुकलंच, कारण घट्ट होताना द्रव्य स्वतःच तापतं. 100 अंशांच्या आसपास ते उकळतं आणि शीटमध्ये बुडबुडे राहतात. शिवाय आकारमान सुमारे पाचव्या हिश्श्यानं घटतं, म्हणून ती पट्टी दबणारी लागते. एक्स्ट्रुडेड शीटला हा खटाटोप नाही. तयार दाणे वितळवायचे, साच्याच्या फटीतून दाबायचे, रोलरमधून काढायचे.

रसायन एकच, मग एवढा भेद कशाला, असं कुणी म्हणेल. एक्स्ट्रुडेड स्वस्त असते आणि तिची जाडी अधिक एकसारखी असते, हेही खरं. पण वितळून वाहता यावं म्हणून तिच्यातल्या रेणूंच्या साखळ्या आखूड ठेवाव्या लागतात; कास्टमधल्या कितीतरी लांब असतात. परिणाम लेझर मशीनवर दिसतो. कास्टवर कोरलेलं अक्षर पांढरं उमटतं, एक्स्ट्रुडेडवर बहुधा फिकटच राहतं. लेझरनं कापलेल्या कडेला सॉल्व्हंट लागलं की एक्स्ट्रुडेडला बारीक तडे लवकर जातात, आणि वाकवण्यासाठी तापवली तर ती रोलरच्या दिशेनं जास्त आकसते. तेव्हा सपाट लाइट बॉक्सला एक्स्ट्रुडेड खुशाल लावावी. कोरीव सन्मानचिन्हाला मात्र कास्टच घ्यावी, आणि बिलावर जाडीशेजारी जातही लिहून घ्यावी.