ऑलिम्पिक चळवळीचे शैक्षणिक अधिष्ठान आणि महाविद्यालय : खाशाबा जाधव यांच्या संदर्भात

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांचा विचार सामान्यतः पदके आणि विक्रम यांच्या अनुषंगाने केला जातो. तथापि आधुनिक ऑलिम्पिकचे प्रवर्तक पिअर द कुबर्तॅ हे मूलतः शिक्षणसुधारक होते. इंग्लंडमधील रग्बीच्या शाळेत खेळाला असलेले स्थान पाहून फ्रान्समधील पुस्तकी शिक्षणात बदल घडवावा, ही त्यांची तळमळ होती. 1894 च्या पॅरिस परिषदेत ऑलिम्पिकच्या पुनरुज्जीवनाचा ठराव झाला, त्यामागे हीच भूमिका होती. भारतात ही मूल्ये पोहोचविण्याचा भार कोणी उचलला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी संघ पाठविण्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा व सर दोराबजी टाटा यांचा पुढाकार होता. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुढे मात्र हा भार एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांवर पडल्याचे दिसते.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यांना सहावे स्थान मिळाले. तो प्रवास कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने झाला होता. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटवरील कुस्तीचा सराव जवळजवळ नव्हता. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकपूर्वी निवडीसाठी त्यांना पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली. निवड झाली, परंतु खर्चाचा प्रश्न उरला. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. हा तपशील क्रीडाविषयक लेखनात एक हृद्य किस्सा म्हणून येतो. वस्तुतः त्याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात व्हावयास हवी. गुरूने विद्यार्थ्याच्या गुणांवर आपले छप्पर पणाला लावल्याची उदाहरणे आपल्या उच्च शिक्षणात फारशी नाहीत.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा अंतिम टप्प्यात पोहोचले. तेथे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ लढत झाली आणि लगेचच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास त्यांना सांगण्यात आले. नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. तशी मागणी करण्यास भारतीय संघाचा एकही अधिकारी तेथे उपस्थित नव्हता. न्याय्य वागणूक हे ज्या स्पर्धेचे घोषित मूल्य, तिथेच ते कोणीतरी मागितल्याशिवाय मिळाले नाही! तरीही 57 किलो गटातील कांस्यपदक खाशाबांनी मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत थांबावे लागले.

धानोऱ्यासारख्या वनप्रदेशातील महाविद्यालयांना हा इतिहास परका वाटू नये. अनवाणी धावणारा विद्यार्थी हेरणे, त्याच्या प्रवासखर्चाची तजवीज करणे आणि स्पर्धेच्या ठिकाणी त्याच्या बाजूने बोलण्यास कोणीतरी हजर असणे, या तिन्ही गोष्टी येथेही बहुधा प्राध्यापकांच्याच वाट्याला येतात. क्रीडासाहित्याचा प्रश्न त्यानंतरचा.

कराडमध्ये खाशाबांची शंभराहून अधिक बैलगाड्यांनिशी मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत लढले आणि मिळालेल्या रकमेतून प्राचार्य खर्डीकरांचे घर सोडवून दिले.